घरबसल्या हिमनदी मोजायची कशी? घेपांग गाथपासून सुरुवात

एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने हिमालयातल्या हिमसरोवरांबद्दल एक माहिती प्रसिद्ध केली. त्यात हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधल्या घेपांग गाथ सरोवराचं उदाहरण होतं. हे सरोवर हिमनदीच्या तोंडाशी, म्हणजे तिच्या खालच्या टोकाशी, ४,०६८ मीटर उंचीवर आहे. १९८९ मध्ये ते ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झालं. म्हणजे १७८ टक्के वाढ. आपण अशी बातमी वाचतो, चुकचुकतो आणि पुढे सरकतो. पण असा आकडा पडताळून पाहायला लागणाऱ्या उपग्रहप्रतिमा फुकट मिळतात, सॉफ्टवेअरही फुकट मिळतं आणि साधा लॅपटॉप पुरतो. भूगोलाची पदवी नसली तरी चालेल. चिकाटी मात्र हवी.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. आधी सरोवर मोजू, मग हिमनदीचं तोंड किती मागे गेलं ते पाहू, आणि त्या आकड्यावरून काय म्हणता येतं नि काय म्हणता येत नाही हेही बघू.

पहिली हिमनदी गंगोत्री नको

बहुतेकांना सुरुवात गंगोत्रीपासून करावीशी वाटते. नाव ओळखीचं, गोमुखाचे फोटो पाहिलेले. पण शिकायला ती अवघड आहे. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या या हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे. वरून पाहिलं तर हिमनदी कुठे संपते आणि नुसतं दगडांचं पात्र कुठे सुरू होतं, हे अनुभवी माणसालाही पटकन सांगता येत नाही. त्यातून तिची माघार वर्षाला साधारण पंधरा-वीस मीटर. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमेतला एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोनच मुळी तीस मीटरचा असतो. आज बघून पुढच्या वर्षी परत बघितलं तर हाती काही लागणार नाही.

घेपांग गाथचं तसं नाही. हिमनदी थेट सरोवरात उतरते, त्यामुळे एका बाजूला बर्फ, एका बाजूला पाणी, आणि मधली कड बऱ्यापैकी स्पष्ट. बर्फ मागे हटला की ती जागा पाणी घेतं. म्हणजे सरोवराची वरची कड हेच हिमनदीचं तोंड, आणि एका रेघेत दोन मापं मिळतात. शिवाय पीर पंजालच्या पलीकडे असल्यामुळे लाहौलमध्ये पावसाळ्यातही गढवालपेक्षा आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं.

जागा शोधायला नावापेक्षा अक्षांश-रेखांश बरे, कारण नकाशांवर घेपांग, गेपांग, घेपन अशी नाना रूपं दिसतात. साधारण ३२ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७७ अंश १३ मिनिटं पूर्व. अटल बोगद्यातून उत्तरेला बाहेर पडून लेहकडे निघालं की सिस्सू गाव लागतं. मनालीहून दुचाकीवर गेलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी तिथे थांबून चहा घेतला असेल. गावाजवळ चंद्रा नदीला मिळणारा सिस्सू नाला या सरोवरातूनच येतो. प्रतिमेत नाला सापडला की त्याला धरून वर सरका. लांबट, निळसर-करडं सरोवर दिसेल.

काय काय लागेल

सुरुवातीला फक्त कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट पुरे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा त्यात थेट दिसतात, काही उतरवून घ्यायची गरज नाही. फुकट खातं उघडलंत तर जागा जतन करता येते आणि प्रतिमा डाउनलोडही होतात. सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये. दोन उपग्रह मिळून त्याच जागेवरून दर पाच दिवसांनी जातात. दृश्य रंगांचे आणि जवळच्या अवरक्ताचे (अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पिक्सेल १० मीटरचे असतात, त्याहून पलीकडच्या लघुतरंग अवरक्ताचे २० मीटरचे.

२०१५ च्या मागे जायचं तर लँडसॅटशिवाय पर्याय नाही. या प्रतिमा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्स्प्लोररवर मिळतात. लँडसॅट ५ ने १९८४ पासून जवळजवळ तीन दशकं काम केलं. जुन्या काळासाठी तोच आपला मुख्य साक्षीदार. लँडसॅट ७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या प्रतिमांमध्ये तिरके काळे पट्टे दिसतात. तुमचा संगणक बिघडलेला नाही, उपग्रहावरचा एक भाग त्या दिवशी बंद पडला आणि पुढच्या प्रत्येक प्रतिमेतला सुमारे २२ टक्के भाग गेला. सरोवर त्या पट्ट्यात सापडलं तर दुसरी तारीख शोधायची. २०१३ पासून लँडसॅट ८ आणि २०२१ पासून लँडसॅट ९ आहे.

मापं घ्यायला क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. गूगल अर्थ इंजिनचं नाव सगळे घेतात आणि ते खरंच ताकदीचं आहे, पण पहिल्याच दिवशी तिथे गेलात तर कोड लिहिण्यात अडकाल आणि हिमनदी बाजूला राहील. इस्रोचं भुवन भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा पाहायला उपयोगी आहे.

निम्मं काम तारखेचं

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘तेव्हा आणि आता’ जोड्या आठवा. डावीकडे पांढराशुभ्र डोंगर, उजवीकडे काळाकभिन्न. तारखा पाहायला गेलं तर बऱ्याचदा एक प्रतिमा मे महिन्यातली आणि दुसरी सप्टेंबरमधली निघते. मे महिन्यात हिवाळ्याचा बर्फ अजून शिल्लक असतो, हिमनदीवरही आणि आजूबाजूच्या कातळावरही. हा मोसमी बर्फ हिमनदीत मोजला की ती फुगते, आणि सप्टेंबरशी तुलना केली की ती ‘वितळून गेली’ असं दिसतं. अशी जोडी पाहून हळहळणाऱ्यांचा दोष नाही, पण आपण मोजणारे आहोत.

म्हणून नियम एकच: दरवर्षीची प्रतिमा वितळीच्या हंगामाच्या शेवटची घ्यायची, म्हणजे जुना मोसमी बर्फ गेलेला आणि नवा अजून पडलेला नाही अशा वेळची. लाहौलसाठी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ शोधा. त्यातही उपलब्ध असलेल्या सगळ्या तारखा एकामागून एक पाहा आणि ज्या दिवशी कातळावर सर्वांत कमी बर्फ असेल ती निवडा. सप्टेंबरमध्येही एखाद्या रात्री बर्फ पडतो आणि सकाळची प्रतिमा फसवी निघते. ओळखायची खूण सोपी आहे: दक्षिणेकडे तोंड असलेल्या उघड्या उतारांवर पांढरं दिसलं, तर ती तारीख सोडा.

तारीख निवडताना ढगांच्या टक्क्यांवर आंधळा विश्वास नको. तो टक्का प्रतिमेच्या अख्ख्या चौकोनी तुकड्याचा (टाइलचा) असतो, आणि सेंटिनेल-२ चा एक तुकडा ११० किलोमीटर लांब-रुंद आहे. साठ टक्के ढगाळ प्रतिमेतही तुमचं सरोवर लख्ख दिसू शकतं आणि पाच टक्क्यांच्या प्रतिमेत नेमका तिथेच ढग बसलेला असू शकतो. शोधताना ढगांची मर्यादा पूर्ण उघडी ठेवा आणि स्वतः डोळ्यांनी बघा. वेळ जातो, पण यातच चांगल्या प्रतिमा सापडतात.

आणखी एक. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातात, त्यामुळे ऑक्टोबर उलटला की कड्यांच्या सावल्या वायव्येकडे लांब पडतात. सावलीतला कातळ आणि सरोवराचं पाणी दोन्ही काळंच दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य वर असतो, हा त्रास कमी होतो.

रंग बदला, मग बर्फ ओळखू येईल

नेहमीच्या रंगांत ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे. इथे लघुतरंग अवरक्त कामाला येतो. बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतो, पण लघुतरंग अवरक्त जवळजवळ सगळा शोषून घेतो. पाण्याच्या थेंबांचा ढग मात्र तिथेही उजळच राहतो.

कोपर्निकस ब्राउझरमध्ये ‘कस्टम’ उघडा. तिथे तीन गोलांमध्ये बँड, म्हणजे उपग्रहाने वेगवेगळे टिपलेले प्रकाशाचे पट्टे, ओढून टाकता येतात: लाल गोलात बँड ११, हिरव्यात बँड ८, निळ्यात बँड ४. लगेच चित्र पालटतं. बर्फ आणि हिम निळसर-आकाशी, कातळ तपकिरी, ढग पांढरट, कुरण हिरवं आणि पाणी गडद. लँडसॅट ५ साठी हीच जुळणी ५-४-३, लँडसॅट ८ आणि ९ साठी ६-५-४. एका वर्षी एक जुळणी आणि दुसऱ्या वर्षी दुसरी असं करू नका. कडा वेगळ्या भासतात.

या रंगांत सरोवराचा वरचा काठ नीट न्याहाळा. हिमनदीपासून तुटलेले बर्फाचे तुकडे पाण्यावर तरंगताना दिसतील. ते सरोवरातच धरायचे. काही प्रतिमांमध्ये तोंडाशी असे तुकडे दाटीने अडकलेले असतात आणि हिमनदी पुढे आल्यासारखी वाटते. अशा वेळी आठवड्या-दोन आठवड्यांनंतरची प्रतिमा उघडून बघा: तुकडे हललेले असतात, हिमनदी जागेवर असते.

रेघ ओढायची

ब्राउझरमध्येच बहुभुज काढला की क्षेत्रफळ दिसतं, आणि पहिला अंदाज घ्यायला तेवढं पुरतं. नीट मोजणीसाठी मात्र प्रतिमा क्यूजीआयएसमध्ये घ्या.

तिथे पहिली गोष्ट म्हणजे नकाशाची स्थान-मोजणीची पद्धत (कोऑर्डिनेट सिस्टिम) तपासणं. अंशांमध्ये क्षेत्रफळ मोजलं तर निरर्थक आकडा येतो. लाहौलसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग निवडा, ज्याचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा ओळख क्रमांक, ३२६४३ आहे. मुंबई आणि पुणेही याच विभागात येतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या नकाशांवर काम केलेल्यांना हा आकडा पाठ असेल. गंगोत्री मात्र ४४ मध्ये जाते.

मग दोन्ही वर्षांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवा आणि न हलणाऱ्या गोष्टी जुळतात का ते बघा: कड्याची धार, नाल्याचं वळण, मोठा कातळ. एखादा पिक्सेल सरकलेला असेल तर हिमनदीही तेवढी ‘सरकलेली’ दिसणार. ही तपासणी कंटाळवाणी आहे म्हणून बहुतेक जण टाळतात.

सरोवराची कड हाताने, सावकाश, एकाच झूमवर ओढा. सगळीकडे सारखं झूम ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर एका वर्षी प्रत्येक खाच पकडाल आणि दुसऱ्या वर्षी सरळ रेघ माराल. काठावरचा पिक्सेल आत धरायचा की बाहेर, हे एकदा ठरवा आणि तसंच पाळा.

संगणकाकडून करून घ्यायचं असेल तर निर्देशांक वापरतात. हिमासाठी: हिरवा वजा लघुतरंग अवरक्त, भागिले दोघांची बेरीज. उत्तर ०.४ च्या वर गेलं की हिम किंवा बर्फ, असा रूढ उंबरठा आहे. पाण्यासाठी लघुतरंग अवरक्ताच्या जागी जवळचा अवरक्त घ्यायचा. ऐकायला हे फार सोपं वाटतं, पण पाणीसुद्धा लघुतरंग अवरक्त शोषतं, त्यामुळे हिमाच्या निर्देशांकात सरोवरही बर्फ म्हणून येतं. उलट पाण्याच्या निर्देशांकात ओला बर्फ आणि सावली घुसतात. यावर उपाय म्हणजे जवळच्या अवरक्ताची वेगळी अट लावणं: पाणी त्यात काळं असतं, बर्फ उजळ.

दुसरी खोच आकड्यांमध्येच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या कच्च्या आकड्यांमध्ये १,००० मिळवलेले असतात. त्याआधीच्या मूळ प्रतिमांमध्ये नसतात; नंतर नव्याने प्रक्रिया केलेल्या जुन्या प्रतिमांमध्ये मात्र असतात. क्यूजीआयएसमध्ये भागाकार करण्याआधी ते वजा केले नाहीत तर २०२१ आणि २०२२ च्या मध्ये तुमच्या हिमनदीत अचानक बदल झालेला दिसेल, प्रत्यक्षात काहीही न होता. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहातल्या (कलेक्शन २) पृष्ठ-परावर्तनाच्या (सरफेस रिफ्लेक्टन्स) प्रतिमांनाही आधी ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावं लागतं.

सरोवर एकच असेल तर मी हातानेच रेघ ओढेन. पन्नास सरोवरं असतील तेव्हा निर्देशांक आणि मग हाताने दुरुस्ती.

अधिक-उणे लिहिल्याशिवाय आकडा सांगू नका

कड ओढताना चूक साधारण अर्ध्या पिक्सेलची धरतात. म्हणजे परिमिती गुणिले अर्धा पिक्सेल. समजा १९८९ च्या सरोवराची परिमिती ३ किलोमीटर आहे; लँडसॅटचा अर्धा पिक्सेल १५ मीटर; चूक ४५,००० चौरस मीटर, म्हणजे ४.५ हेक्टर. आजच्या मोठ्या सरोवराची परिमिती ६ किलोमीटर धरली तर सेंटिनेलच्या ५ मीटरने ३ हेक्टर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे ५.४ हेक्टर. तेहतीस वर्षांतली वाढ ६५ हेक्टरच्या आसपास असेल तर ही चूक तिच्यासमोर किरकोळ आहे. बदल पक्का.

आता हेच गणित लागोपाठच्या दोन वर्षांसाठी करा. दोन्ही प्रतिमा सेंटिनेलच्या, प्रत्येकी ३ हेक्टर चूक, मिळून ४.२. इस्रोने दिलेला वाढीचा सरासरी वेग वर्षाला सुमारे १.९६ हेक्टर. म्हणजे एका वर्षाची वाढ चुकीच्या आतच बुडते. ‘यंदा सरोवर दोन हेक्टरनी वाढलं’ असं या प्रतिमांवरून छातीठोक सांगणाऱ्याने हे गणित केलेलं नाही. पाच वर्षांचं अंतर घेतलं तर वाढ दहा हेक्टरच्या घरात जाते आणि मग बोलता येतं. दरवर्षी मोजायला हरकत नाही, पण निष्कर्ष पाच-पाच वर्षांनी काढा.

तोंड किती मागे गेलं?

हिमनदीचं तोंड सरळ रेघेत नसतं. मध्ये जीभ पुढे आलेली, कडेला खाच पडलेली. दोन वर्षांच्या तोंडांमधलं अंतर एकाच जागी मोजलं तर जागा बदलून हवं ते उत्तर काढता येतं. त्यामुळे पेटीची पद्धत वापरा. हिमनदीच्या प्रवाहाच्या दिशेने ठरावीक रुंदीची आयताकृती पेटी काढा, तिची वरची बाजू हिमनदीवर कुठेतरी कायमची ठरवून टाका. दोन्ही वर्षी त्या पेटीत बर्फ किती भरतो ते मोजा. समजा पेटी ५०० मीटर रुंद आहे आणि मधल्या काळात ६०,००० चौरस मीटर बर्फ कमी झाला. भागाकार केला की सरासरी माघार १२० मीटर. पेटी तीच ठेवलीत तर दहा वर्षांनी दुसरं कुणी मोजेल तेव्हाही आकडे जुळतील.

दगडमातीने झाकलेल्या हिमनदीवर हे चालत नाही, कारण निर्देशांकाला ते दगडच दिसतात. तिथे दुय्यम खुणा शोधायच्या: नदी नेमकी कुठून बाहेर पडते, दगडांमध्ये लहान तळी किंवा बर्फाचे उघडे कडे दिसतात का, पृष्ठभाग वर्षागणिक हलतो का. ढगफुटीसारख्या बातमीच्या दिवशी घाईने करण्याचं हे काम नव्हे.

जगभरातल्या हिमनद्यांच्या सीमांची रँडॉल्फ यादी फुकट मिळते. तिची सातवी आवृत्ती २०२३ ची. पेटी कुठे काढावी हे ठरवायला ती छान, पण तिच्यातल्या सीमा साधारण २००० सालच्या आहेत. तिला आजचा नकाशा समजू नका.

ढग हटलेच नाहीत तर

सिक्कीमसारख्या भागात पावसाळ्याचे महिनेच्या महिने मोकळी प्रतिमा मिळत नाही. तिथे रडार. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतून आणि रात्रीही पाहतं. शांत पाणी त्यात काळंभोर दिसतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तेव्हा इस्रोने प्रतिमांवरून मोजमाप दिलं: २८ सप्टेंबरला १६७.४ हेक्टर, ४ ऑक्टोबरला ६०.३. सहा दिवसांत शंभरावर हेक्टर पाणी गायब. रडार वाचायला मात्र सवय लागते; उंच डोंगर उपग्रहाकडे झुकल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या मागचा भाग सावलीत जातो. पहिले काही महिने रडारच्या वाटेला जाऊ नका.

आणि सरोवर वाढतंय म्हणजे ते फुटणारच, असं नाही. बांध कशाचा आहे, त्यात बर्फ अडकलाय का, वरच्या उतारावरून दरड किंवा हिमकडा कोसळू शकतो का, हे सगळं क्षेत्रफळाच्या आकड्यात येत नाही. तुमचं माप गावातल्या लोकांपर्यंत न्यायचं असेल तर ‘वाढलं’ एवढंच सांगा.

लांबीवरून तब्येत ओळखू नका

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हिमालय-काराकोरममधल्या २,०१८ हिमनद्यांची तोंडं २००० च्या दशकात कशी सरकली ते तपासलं होतं. १,७५२ जागच्या जागी, २४८ मागे गेलेल्या, १८ पुढे आलेल्या. हे ८७ टक्के ‘स्थिर’ वाचून कित्येकांनी हिमालय ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या प्रतिमांवरून उंची काढली आणि दिसलं, की २००० नंतर हिमालयातल्या हिमनद्यांच्या वस्तुमानाची घट आधीच्या पंचवीस वर्षांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने होते आहे. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अंघोळीच्या साबणाची वडी लांबीला फारशी कमी न होता आधी पातळ होते. दगडांनी झाकलेल्या हिमनद्यांचंही बऱ्याचदा तसंच असतं.

पातळ होणं मोजायला उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा करावे लागतात. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेला नकाशा आणि कोपर्निकसचा ३० मीटरचा नकाशा, दोन्ही फुकट आहेत. पण रडारची लहर कोरड्या हिमात शिरते, दोन नकाशे आडवे-उभे थोडे सरकलेले असतात, आणि नवखा माणूस या दुरुस्त्या न करता वजाबाकी करतो. त्यापेक्षा २००० ते २०१९ या काळातल्या जगभरच्या हिमनद्यांच्या उंचीतल्या बदलाचे तयार नकाशे उतरवून घ्या आणि आपल्या रेघांखाली ठेवा. तोंड कुठे आहे आणि बर्फ कुठे पातळ झालाय, हे शेजारी-शेजारी दिसेल.

प्रत्येक मोजणीसोबत एका तक्त्यात उपग्रह, तारीख, बँडची जुळणी, उंबरठा, क्षेत्रफळ, परिमिती आणि चूक एवढं लिहून ठेवा. रेघांची फाइल तारखेच्या नावाने जतन करा. घेपांग गाथचं तुमचं २०२२ चं उत्तर इस्रोच्या १०१.३० च्या तीनेक हेक्टर इकडेतिकडे आलं तर हात बसला समजा. फार लांब गेलं तर आधी तारीख तपासा, मग तरंगते तुकडे, मग यूटीएमचा विभाग. पुढचा सराव समुद्र टापूवर करा: चंद्रतालच्या बाजूची ही मोठी हिमनदीही सरोवरातच उतरते, विभाग तोच ४३, पण तिथे तोंड रुंद आहे, म्हणून पेटीही रुंद लागेल.